विमान दीड तासाचं, प्रवास किती तासांचा? विदर्भातल्या गावातून निघणाऱ्यांसाठी पूर्ण हिशेब

मोबाइलवर ‘यवतमाळ ते पुणे विमानाने किती वेळ’ असं टाकून पाहा. पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर, पाऊण ते एक तास, असं काहीतरी उत्तर लगेच येतं. यवतमाळहून पुण्याला नियमित प्रवासी विमानच नाही, हे मात्र त्या उत्तरात लिहिलेलं नसतं. अशा संकेतस्थळांना विमानतळ आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही. ती नकाशावरचे दोन बिंदू घेतात, मधली सरळ रेघ मोजतात, तिला एका ठरावीक वेगाने भागतात आणि आकडा दाखवतात. आर्णी ते दिल्ली विचारा, मारेगाव ते चेन्नई विचारा, उत्तर तयारच असतं.

या आकड्याच्या भरवशावर माणसं तिकीट काढतात, आणि मग घरून निघताना म्हातारे विचारतात, “दीड तासाचं विमान अन् सकाळपासून काहून निघाला बापा?” या लेखात तोच हिशेब पायरीपायरीने मांडला आहे. हवेतलं अंतर कसं काढायचं, त्यावरून उड्डाणाच्या वेळेचा अंदाज कसा बांधायचा, आणि गावाच्या फाट्यापासून पलीकडच्या दारापर्यंत खरे किती तास जातात ते कसं मोजायचं, हे सगळं त्यात येईल.

आधी ठरवा, कोणतं अंतर मोजताय

नागपूर-पुणे हे एकच अंतर तीन प्रकारे सांगितलं जातं. नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ हे हवेतलं सरळ अंतर सुमारे ६०५ किमी आहे. रस्त्याने तेच ७०० किमीच्या पुढे जातं. रेल्वेने भुसावळ, मनमाड, दौंड असा वळसा पडतो, म्हणून ते ८८० किमीच्या आसपास भरतं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त एक आकडा विमानाचा आणि दुसरा रस्त्याचा घेऊन तुलना केली की गणित फसतं.

आपल्याकडे याहून मोठी अडचण दिशेची आहे. पुणे, मुंबई आपल्या पश्चिमेला, आणि विमान धरायचं तर बहुतेकांना पूर्वेला किंवा उत्तरेला नागपूरकडे जावं लागतं. पांढरकवड्याचं उदाहरण घ्या. तिथून पुण्याचं सरळ अंतर सुमारे ५१० किमी. पण प्रवासी आधी उलट दिशेने दीडशे किमी रस्त्याने नागपूरला येतो आणि तिथून ६०५ किमी उडतो. एकूण झाले साडेसातशेच्या वर. विमानाचा फायदा इथेच निम्मा खर्ची पडतो.

सरळ अंतर स्वतः काढायचं असेल तर

सोपा मार्ग असा: मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरा, पिन टाका, तपशील वर सरकवा आणि अंतर मोजण्याचा पर्याय निवडा. मग नकाशा सरकवून दुसऱ्या विमानतळावर न्या. पिन गावावर टाकायची नाही, विमानतळावरच टाकायची. नावंही तपासून घ्या. बिहारमध्ये औरंगाबाद आहे, पाकिस्तानात हैदराबाद आहे. असा एखादा बिंदू चुकून निवडला गेला तर आकडा कुठल्या कुठे जातो.

कागदावर करायचं असेल तर तेही अवघड नाही, आणि दहावीतल्या मुलाला द्यायला हे झकास गणित आहे. पिनवर अक्षांश-रेखांश दिसतात. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. पुणे १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २७९ किमी झालं. रेखांशांतला फरक ५.१३ अंश. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किमीचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. आपल्या २० अंशांच्या पट्ट्यात तो १०४ ते १०५ किमीचा धरा. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५३६ किमी. आता काटकोन त्रिकोण: २७९ चा वर्ग अधिक ५३६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ६०४ येतं.

दिल्लीसाठी मधला अक्षांश २५ च्या जवळ जातो, तिथे रेखांशाचा अंश १०१ किमीचा धरायचा. देशातल्या देशात ही पद्धत चालते. शारजा, दोहासारख्या लांबच्या ठिकाणी पृथ्वीची गोलाई मध्ये येते, तिथे नकाशाच्या साधनानेच मोजलेलं बरं.

हा १११ चा आकडा पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो, पण भारतातली या अंशाची लांबी प्रत्यक्ष जमिनीवर साखळ्या टाकून आणि त्रिकोण जोडत मोजली गेली आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने हे काम सुरू केलं आणि ७८ व्या रेखांशाच्या आसपासने मोजत मोजत तो उत्तरेला सरकत आला. १८२३ मध्ये तो वारला, तो आपल्या हिंगणघाटात. त्याची कबरही तिथेच आहे. पांढरकवड्याहून नागपूर विमानतळाकडे जाणारी प्रत्येक गाडी त्या गावाजवळून जाते.

नागपूरहून काही सरळ अंतरं लिहून ठेवा: हैदराबाद सुमारे ४३० किमी, पुणे ६०५, मुंबई ६८५, दिल्ली ८५५, बेंगळुरू ८९०. देशाच्या चारही बाजू हाताशी असल्यामुळेच १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचं केंद्र नागपूर झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं रात्री इथे भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

जेट विमान, म्हणजे आपल्याकडे दिसणारं एअरबस ३२० वगैरे, उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं. पण ६०५ भागिले ८३० करून ४४ मिनिटं असं उत्तर काढलं तर ते तिकिटाशी कधीच जुळणार नाही. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, रांगेत थांबतं, चढताना आणि उतरताना हळू असतं, धावपट्टी ज्या दिशेची आहे त्या दिशेला वळून यावं लागतं, आणि आकाशातले ठरलेले मार्गही नेमक्या सरळ रेघेवर नसतात. तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात.

त्यासाठी एक ढोबळ सूत्र वापरा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर ३५ मिनिटं टाका. पुण्यासाठी ४५ अधिक ३५, म्हणजे एक तास वीस मिनिटं. मुंबईसाठी ५१ अधिक ३५, जवळपास दीड तास. दिल्लीचे आणि बेंगळुरूचे सुमारे एक तास चाळीस. वेळापत्रकातला वेळ याच्या पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतो. मुंबईसाठी तो थोडा जास्तच दाखवतात, कारण तिथे उतरण्यासाठी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावं लागणं नवं नाही. पुण्याचा लोहगाव तर मुळात हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानांना त्यांच्या वेळा सांभाळूनच जागा मिळते.

विमानाचा प्रकार बदलला की सूत्रही बदलतं. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं. त्यासाठी ४८० ने भागा आणि ३५ टाका. अमरावतीचं उदाहरण बघा. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, तीही याच विमानाने. सरळ अंतर सुमारे ५४० किमी, सूत्राने वेळ येतो पावणेदोन तासांच्या जवळ. नागपूर-मुंबई अंतर १४० किमी जास्त असूनही वेळ कमी. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचत जा.

वारा हा तिसरा घटक. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यामुळे नागपूरहून कोलकात्याला जाताना विमान थोडं लवकर पोहोचतं आणि येताना थोडं उशिरा. एवढ्या अंतरात फरक मिनिटांचाच असतो, त्याची काळजी करू नका.

विमानतळ नागपूरच का?

सवयीने सगळे नागपूरच धरतात. जिल्ह्याप्रमाणे विचार करा.

वर्धा, चंद्रपूर, वणी, पांढरकवडा, यवतमाळ, राळेगाव या बाजूच्यांना नागपूर सोयीचं आहेच, आणि त्यात एक चांगली गोष्ट म्हणजे विमानतळ शहराच्या अलीकडे, वर्धा रोडवर आहे. बुटीबोरी ओलांडली की शहराच्या गर्दीत शिरायची गरज नाही. भंडारा, गोंदियाकडून येणाऱ्यांना मात्र शहर पार करावं लागतं किंवा बाहेरच्या रिंगरोडने वळसा घ्यावा लागतो. त्यांनी पाऊण तास जास्तीचा धरावा.

पुसद, उमरखेडकडच्यांनी आधी नांदेड पाहावं. नागपूर त्यांना अडीचशे किमीच्या घरात पडतं, नांदेड त्याच्या निम्म्याहून कमी. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजाकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. सिरोंचाच्या माणसाने नागपूरचा विचारच सोडावा. तिथून नागपूर साडेतीनशे किमीच्या वर, गोदावरीवरच्या पुलाने पलीकडे गेलं की हैदराबाद त्याहून जवळ, आणि हैदराबादहून देशातल्या जवळपास सगळ्या मोठ्या शहरांना थेट विमान.

अमरावती आणि गोंदियाचा बिरसी हे जवळचे पर्याय आहेत, पण तिथे विमानं मोजकी. बिरसीतून १ डिसेंबर २०२३ ला हैदराबादची सेवा सुरू झाली, पण त्याआधीची सेवा काही महिन्यांतच बंद पडली होती. छोट्या विमानतळावरून रोज विमान असेलच असं नाही. म्हणून ‘जवळ आहे’ एवढ्यावर ठरवू नका. तुमच्या जायच्या आणि यायच्या, दोन्ही तारखांना विमान आहे का, ते बघा. एखादं विमान रद्द झालं तर नागपुरात संध्याकाळचं दुसरं मिळू शकतं. छोट्या ठिकाणी पुढचं विमान परवाचं असतं. लग्न, मुलाखत, परीक्षा, ऑपरेशनची तारीख असेल तर मी दीडशे किमी जास्त जाऊन नागपूरच धरीन.

घड्याळ उलटं फिरवा

आता मुख्य काम. विमानाच्या सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे यायचं. समजा पुण्याचं विमान दुपारी २ वाजता आहे आणि तुमचं गाव पांढरकवड्यापासून वीस किमी आत आहे.

विमानतळावर १२ वाजता पोहोचायचं. देशांतर्गत उड्डाणासाठी कंपन्या दोन तास आधी या म्हणतात. सामान घेणारी खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते, आणि विमानात चढण्याचं दार सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. दार बंद झालं की विमान समोर उभं दिसत असलं तरी चढू देत नाहीत. एसटीला हात दाखवला की थांबते, इथे तो प्रकार नाही. ज्यांच्याकडे फक्त हातातली बॅग आहे आणि ज्यांनी मोबाइलवर आधीच चेक-इन केलं आहे, त्यांना दीड तासही पुरतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असणाऱ्यांनी दोन तास पूर्ण धरावेत.

पांढरकवडा ते विमानतळ राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दीडशेच्या थोडं आत. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा चौपदरी रस्ता आहे. स्वतःच्या गाडीने, टोलनाके आणि एक चहा धरून अडीच तास. त्यावर अर्धा तास मोकळा ठेवा. बुटीबोरीच्या आसपास ट्रकांची रांग लागली की हा अर्धा तास तिथेच जातो. म्हणजे पांढरकवडा ९ वाजता सोडायचं. गावातून पांढरकवड्यापर्यंत तीस-चाळीस मिनिटं. घरून साडेआठच्या आत निघायचं.

एसटीने जाणार असाल तर हिशेब वेगळा. गावातून पहिली एसटी किंवा काळीपिवळी कितीची, ती रोज येते का, शाळेच्या सुटीत बंद असते का, हे आधी. पांढरकवड्याहून नागपूरची बस साडेतीन-चार तास घेते. कंडक्टरला चढतानाच सांगा की विमानतळाच्या बाजूने वर्धा रोडवर उतरायचं आहे, नाहीतर बस थेट गणेशपेठच्या बसस्थानकावर नेऊन सोडते आणि मग तितकंच अंतर उलट यावं लागतं. खापरीपासून मेट्रो आहे, ‘एअरपोर्ट’ नावाचं स्टेशनही आहे, पण ते टर्मिनलला चिकटून नाही. सामान असेल तर तिथून ऑटो करावाच लागतो. एसटीने दुपारी २ चं विमान धरायचं तर सकाळी सहा-साडेसहाला घर सोडलेलं बरं.

पलीकडची बाजू अशी: विमान ३:२० ला लोहगावला टेकलं. दार उघडणं, बसने टर्मिनल, पट्ट्यावरचं सामान, यात अर्धा तास. बाहेर पडायला तीन पन्नास. तिथून मुलगा हिंजवडीत किंवा कात्रजला राहत असेल तर पुण्याच्या रहदारीत सव्वा ते दीड तास. दारात पोहोचायला सव्वापाच.

साडेआठ ते सव्वापाच, म्हणजे पावणेनऊ तास. त्यातलं विमान एक तास वीस मिनिटं.

मग विमान घ्यायचं की नाही?

पांढरकवडा किंवा यवतमाळहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्स जातात, तेरा ते पंधरा तास घेतात. म्हणजे विमानाने वाचतात पाच-सहा तास. हे वाचलेले तास किती पैशाला पडतात ते काढा. समजा तिकीट, नागपूरपर्यंतची गाडी आणि पुण्यातली टॅक्सी धरून विमानाचा एकूण खर्च ९,००० रुपये आला आणि ट्रॅव्हल्सचा २,०००. फरक ७,०००, वाचले सहा तास, म्हणजे तासाला अकराशे-बाराशे रुपये. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हर रिकामा परत येतो, त्यामुळे भाडं दोन्ही बाजूंचं लागतं, ते विसरू नका. चौघं असाल तर गाडीचा खर्च वाटला जातो, तिकिटाचा नाही.

शिवाय ट्रॅव्हल्सचे तास रात्रीचे असतात. झोप लागणाऱ्या तरण्या माणसाला ते तास फुकटात गेल्यासारखेच, आणि सकाळी तो कामाला मोकळा. विमानाने दिवसाचा सगळा उजेड जातो, एक दिवसाची मजुरी किंवा सुटी बुडते. तरण्या, एकट्या, धडधाकट माणसासाठी वणी-यवतमाळहून पुण्याला विमान मला तरी महागाचंच वाटतं. तेच मुंबईला तपासणीसाठी नेत असलेला रुग्ण, पाठीचं दुखणं असलेली आई किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा. रुग्णासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, साध्या व्हीलचेअरचे पैसे लागत नाहीत. नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा ऑक्सिजन लागत असेल तर मात्र विमान कंपनीला डॉक्टरांचं पत्र आधी द्यावं लागतं.

रेल्वेचाही एक नवा पर्याय आहे. अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, साधारण १२ तास घेते, आणि वर्धा, बडनेरा, अकोला, शेगावला थांबते. अकोला, शेगावच्या माणसाने पुण्यासाठी नागपूरला विमान धरायला जाणं म्हणजे आधी अडीचशे-तीनशे किमी मागे जाणं. त्याला ही गाडी किंवा रात्रीची एक्स्प्रेसच बरी.

मुंबईचं गणित समृद्धी महामार्गाने बदललं. ७०१ किमीचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. कारंजा लाडच्या माणसाला नागपूर साधारण पावणेदोनशे किमी मागे. विमानाने जायचं तर नागपूरपर्यंत सव्वादोन तास, विमानतळावर दोन, हवेत दीड, मुंबईत सामान आणि टॅक्सीचे दीड, एकूण सव्वासात. समृद्धीने थेट मोटारीने निघाला तर आमण्यापर्यंत, म्हणजे या रस्त्याच्या मुंबईकडच्या टोकापर्यंत, सहा आणि तिथून मुंबईत एक-दीड. जवळपास तेवढेच तास, आणि चौघांना एकाच डिझेलमध्ये. या रस्त्यावर एका ड्रायव्हरने न थांबता सगळं अंतर कापू नये. सरळ रस्त्याने डोळा लागतो, अपघात झाले आहेत.

दिल्ली, बेंगळुरू, कोलकात्याला मात्र विदर्भातल्या कुठल्याही गावातून वेळेच्या बाबतीत विमानाला तोड नाही.

तिकिटावरची वेळ वाचताना

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. १५ तारखेचं ००:३० चं विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. १४ ला संध्याकाळीच घर सोडायचं. १५ ला जेवून निघालेल्या माणसाचं विमान कधीच गेलेलं असतं.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर दुसऱ्याचे पैसे गेले समजा, आणि सामानही बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं. मुंबईत टर्मिनल १ आणि २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. शिवाय आता नवी मुंबईचा विमानतळ आला आहे. तिकिटावर मुंबई नाव दिसलं तरी विमानतळ कोणता ते नीट बघा.

परदेशी तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या देशाच्या असतात. शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागे, दोहा अडीच तास. समजा विमान नागपूरहून पहाटे ४ ला सुटून ६ ला शारजात उतरतं असं छापलं आहे. प्रवास दोन तासांचा नाही, साडेतीन तासांचा आहे. येताना उलट होतं, साडेतीन तासांचा प्रवास तिकिटावर पाच तासांचा दिसतो. परदेशासाठी विमानतळावर तीन तास आधी.

उशीर आणि ऋतू

पावसाळ्यात आपली अडचण आकाशापेक्षा जमिनीवर जास्त. पांदण रस्त्यावर चिखल, नाल्यावरून पाणी, आणि भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की तालुकाच तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये अशा भागातून सकाळचं विमान धरायचं असेल तर आदल्या दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी येऊन मुक्काम करा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं. नागपुरात लख्ख ऊन असतं आणि विमान दिल्लीहून निघालेलंच नसतं. त्या दिवसांत दिल्लीसाठी दुपारचं विमान घ्या, पहाटेचं नको. घर सोडण्याआधी कंपनीच्या ॲपवर विमानाची स्थिती बघायची सवय लावा. गाडी हिंगणघाटच्या पुढे गेल्यावर ती बघून काही उपयोग नाही.

विमान दोन तासांहून जास्त उशिरा असेल तर अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणांसाठी कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं, आणि सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, हा तुमचा हक्क. आयत्या वेळी कंपनीच्याच कारणाने विमान रद्द झालं तर भरपाईही मिळते, आणि इथे तो ब्लॉक टाइम कामी येतो. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी ती. नागपूरहून पुणे, मुंबई, दिल्ली, बेंगळुरू ही सगळी मधल्या गटातली. धुकं, वादळ, संप अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्या. गावातल्या सेवा केंद्रवाल्याचा दिला तर रद्द झाल्याचा निरोप त्याच्या फोनवर जातो.

परतीचं विमान निवडताना

जाताना लोक सगळा हिशेब करतात आणि येताना स्वस्त दिसलं म्हणून रात्री साडेदहाला नागपूरला उतरणारं तिकीट काढतात. सामान घेऊन बाहेर यायला अकरा वाजतात. त्या वेळी गावाकडे जायला एसटी नाही, तालुक्यापर्यंत एखादी लांब पल्ल्याची बस मिळालीच तर पुढे वीस किमी फाट्यापासून आत जायला काळीपिवळी नाही. मग रात्रीची भाड्याची गाडी किंवा नागपुरात लॉज, आणि तिकिटात वाचवलेले हजार रुपये तिथेच गेले. म्हणून परतीचं घड्याळही उलटंच फिरवा. गावाकडची शेवटची गाडी पांढरकवड्याहून संध्याकाळी ६ ला सुटत असेल, तर तिथे साडेपाचला पोहोचलं पाहिजे. नागपुरातून बसने चार तास, म्हणजे दीडला बस धरायची. त्याआधी सामान, ऑटो, बसची वाट बघणं यांचा एक-सव्वा तास. विमान दुपारी बाराच्या आत नागपूरला उतरलं पाहिजे.